माशीच्या आतड्यातला पी३८सी: क्यूपीसीआरच्या नोंदवहीतून

या नोंदी रोजच्या वहीतून उतरवल्यात. क्यूपीसीआर म्हणजे एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत. वहीत आकडे जास्त आणि चिडचिडही जास्त होती. इथे दोन्ही थोडं कमी केलंय. हेच काम दुसरं कुणी करायला घेणार असेल तर त्यांचे निदान पाच-सहा आठवडे वाचावेत, एवढाच हेतू.

प्रश्न साधा होता. फळमाशीत पी३८ कायनेजची (ताण आला की इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराची) तीन जनुकं आहेत: ए, बी आणि सी. त्यातलं सी मध्यांत्रात (आतड्याच्या मधल्या भागात) व्यक्त होतं आणि तोंडावाटे जिवाणूंचा संसर्ग झाला की वाढतं, हे ब्रुनो लमेत्र यांच्या गटानं २०१४ साली दाखवलंय. मला आधी ती वाढ स्वतःच्या हातानं बघायची होती, आणि मग आतड्याच्या एंटेरोसाइट (अन्न शोषणाऱ्या) पेशींमध्ये आरएनएआय करून, म्हणजे जनुकाचा आरएनए कापला जाईल असं करून, तेच जनुक खाली आणायचं होतं. मॅडमच्या अंदाजानं सहा आठवड्यांचं काम. मला साडेतीन महिने लागले.

३ जून

माश्या तयार. साध्या कंट्रोलसाठी पांढऱ्या डोळ्यांची डब्ल्यू१११८. पाच ते सात दिवसांच्या माद्याच घ्यायच्या असं ठरवलं, कारण मादीचं आतडं मोठं असतं, चिमट्यात नीट सापडतं आणि आरएनएही बऱ्यापैकी निघतो.

प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये ठरावीक जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले: पी३८सी, संदर्भ म्हणून आरपी४९ (सगळ्या नमुन्यांत सारखं असायला हवं असं जनुक) आणि संसर्ग झाल्याची खूण म्हणून डिप्टेरिसिन. पी३८सीचे प्रायमर प्रयोगशाळेतल्या एका जुन्या वहीतून जसेच्या तसे उतरवून घेतले. ते जनुकाच्या नेमक्या कुठल्या तुकड्यावर बसतात ते बघितलं नाही. हे वाक्य ऑगस्टमध्ये परत भेटेल.

५ जून

आज नुसता आतडी काढायचा सराव. चाळीस माश्या घेतल्या, अख्खी निघालेली आतडी अकरा.

बर्फावर गार केलेली माशी थंड पीबीएसच्या (खारट बफरच्या) थेंबात ठेवायची. एका चिमट्यानं छाती धरायची, दुसऱ्यानं पोटाचं शेवटचं टोक. टोक ओढलं की आधी अंडाशय बाहेर पडतात, पांढरे, टपोरे, आणि सगळा थेंब व्यापून टाकतात. त्यांच्याखालून आतडं उलगडत येतं, ओल्या दोऱ्याच्या गुंत्यासारखं. बाहेर आल्यावरही त्याची आकुंचनं चालूच असतात, ते पहिल्यांदा बघताना हात थांबतो. मी एका दमात ओढत होते, त्यामुळे ते बहुतेक वेळा एकाच जागी तुटायचं: मध्यांत्राच्या मधोमध कॉपर सेल नावाच्या पेशींचा भाग असतो तिथे आतडं आवळल्यासारखं अरुंद होतं, बरोब्बर तिथे.

दोन गोष्टींनी फरक पडला. आधी माशीचं डोकं काढून टाकायचं, मग पुढच्या बाजूला आतडं अडकत नाही. आणि शेवटचा खंड ओढण्याआधी त्याच्याभोवतीची कातडी चिमट्यानं गोल फाडून मोकळी करायची. संध्याकाळी वीसातली सोळा अख्खी आली.

नंतरची साफसफाई खरी वेळखाऊ. पुढे क्रॉप (अन्न साठवायची पिशवी) लटकत असतो, पारदर्शक फुग्यासारखा, तो काढायचा. मध्यांत्र संपून पश्चांत्र सुरू होतं त्या सांध्यावर माल्पिघी नलिका असतात, दोन जोड्या, पिवळसर बारीक धागे. त्या मुळाशी खुडायच्या आणि पश्चांत्रही तिथेच तोडायचं. दोन-चार नलिका राहिल्या तर काय बिघडलं, असं मला वाटत होतं. बिघडतं. त्यांचाही आरएनए त्याच नळीत जातो, आणि दर नमुन्यात किती नलिका राहिल्या त्यावर आकडा वर-खाली होतो.

९ जून

पहिले चार नमुने, प्रत्येकी पंधरा आतडी. पीबीएसमध्ये गोळा करत गेले आणि पंधरा झाल्यावर सगळी एकदम ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए काढायच्या द्रावणात) टाकली. एका नमुन्याला पन्नास मिनिटं लागली. आतडं म्हणजे पाचक विकरांची पिशवी. ते पन्नास मिनिटं पाण्यात ठेवणं चूकच. आता दर पाच आतडी झाली की ट्रायझॉलमध्ये टाकते आणि एका नमुन्याला वीस मिनिटांच्या वर जाऊ देत नाही.

क्लोरोफॉर्म टाकून फिरवल्यावर वरचा थर काढताना लोभ केला. अगदी मधल्या पांढऱ्या थरापर्यंत पिपेट नेली. मग शुद्धता सांगणारी प्रकाश-शोषणाची गुणोत्तरं बघितली: २६०/२८० ठीक, १.९च्या आसपास, पण २६०/२३० फक्त ०.५. ग्वानिडिन आणि फिनॉलचा अंश उरलाय. वरच्या थराचा खालचा पाचवा हिस्सा सोडून द्यायचा आणि ७५ टक्के इथेनॉलनं एकाऐवजी दोनदा धुवायचं, म्हणजे हा प्रश्न सुटतो. एका नळीत इथेनॉल ओतताना पेलेटही (तळाशी बसलेला आरएनए) सोबत गेला. ओतायचं नाही, पिपेटनं काढायचं. आणि ग्लायकोजेन घातलं तर पेलेट निदान दिसतो तरी.

११ जून

आरएनए शाबूत आहे का ते बघायला जेल चालवलं. पुस्तकात असतात तशा रायबोसोमच्या आरएनएच्या दोन ठळक पट्ट्या अपेक्षित होत्या, २८एस आणि १८एस. आली एकच, १८एसच्या जागी. दुसरी गायब. पन्नास मिनिटांचा घोळ डोक्यात ताजा होता, तेव्हा म्हटलं, आरएनए सडला. उरलेले तिन्ही नमुने टाकून दिले.

१६ जून

परत काढलेले चार नमुने. या वेळी सगळं झटपट. तरी जेलवर एकच पट्टी.

दोन दिवस पाणी, जेल, टिपा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी शेजारच्या बाकावरच्या सीनियरनं जेलकडे एक नजर टाकली. "माशीचाच आरएनए आहे ना? मग एकच येणार."

झालं असं. फळमाशीच्या, आणि बऱ्याच कीटकांच्या, २८एस आरएनएच्या मध्ये एक छुपी चीर असते. दोन तुकडे एकमेकांना फक्त हायड्रोजन बंधांनी धरून असतात. जेलवर भरण्याआधी नमुना तापवला की तुकडे सुटतात, आणि दोन्हींचा आकार जवळपास १८एसएवढाच असल्यामुळे सगळं एका पट्टीत जमा होतं. खरोखर खराब झालेला आरएनए पट्टीच्या खाली लांब धूसर शेपूट देतो. माझ्या ११ तारखेच्या जेलवर अशी शेपूट नव्हती. फोटो परत काढून बघितला. म्हणजे मी पंचेचाळीस माश्यांचा चांगला आरएनए कचऱ्यात टाकला होता.

२० जून

पहिला क्यूपीसीआर. आरपी४९ सोळा-सतराव्या सायकलला, पी३८सी चोविसाव्याला (दर सायकलला तुकडे दुप्पट होतात; सिग्नल जितका लवकर, तितका आरएनए जास्त). सुरेख वक्र. मॅडमना दाखवले तर त्यांनी पहिलंच विचारलं, "विना-आरटी कुठाय?"

लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी लावला, म्हणजे तोच आरएनए, तेच सगळं, फक्त रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरटी, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, सीडीएनए, करणारं विकर) नाही. काहीच वाढायला नको. एका नमुन्यात २९व्या सायकलला सिग्नल आला, ते एक वेळ चालून जाईल. दुसऱ्यात २६.५ला. खऱ्या सिग्नलपासून फक्त अडीच सायकल लांब, म्हणजे त्या नमुन्यात मी जो पी३८सी मोजत होते त्याचा जवळपास सहावा हिस्सा जीनोमिक डीएनए होता. माझी प्रायमरजोडी एकाच एक्झॉनमध्ये (जनुकाच्या एका सलग तुकड्यात) बसते, त्यामुळे डीएनए कुठला आणि सीडीएनए कुठला हे तिला कळायचा प्रश्नच नाही.

डीएनेज केलं, म्हणजे डीएनए तोडणारं विकर घातलं. पुन्हा विना-आरटी: पस्तिसाच्या पुढे. इथून पुढे प्रत्येक नमुन्याला डीएनेज आणि प्रत्येक नमुन्याला विना-आरटी, अपवाद नाही. थोडा आरएनए वाया जातो, जाऊ दे.

२४ जून

प्रायमरची कार्यक्षमता तपासली. सीडीएनए दहापट-दहापट पातळ करत गेलं की दर पायरीला ३.३२ सायकलचा फरक पडायला हवा. माझा पडला २.९५, म्हणजे कार्यक्षमता ११८ टक्के. शंभराच्या वर कार्यक्षमता म्हणजे प्रायमर फार हुशार आहेत असं नव्हे. सगळ्यात घट्ट नमुन्यात आरटीचंच मिश्रण अभिक्रिया दाबत होतं, त्यामुळे वरचा बिंदू उशिरा येत होता आणि रेषा सपाट दिसत होती. तो बिंदू सोडून दिला आणि १:१० पासून सुरुवात केली. फरक ३.३६, कार्यक्षमता ९८. आता सगळे नमुने १:१० करूनच वापरते.

आजच आरएनएआयचे संकरही लावले. मायो१ए-गॅल४ हा ड्रायव्हर, म्हणजे यूएएस जोडलेलं जनुक चालू करणारी कळ, एंटेरोसाइटमध्ये चालतो. त्याच्यासोबत ट्यूब-गॅल८०टीएस आणि यूएएस-जीएफपी (ड्रायव्हर चालू असल्याची हिरवी खूण). १८ अंशांना गॅल८० ड्रायव्हरला दाबून ठेवतं, २९ अंशांना सोडतं. म्हणजे माशी १८ला वाढवायची, मोठी झाल्यावर २९ला न्यायची. किंमत वेळेत मोजावी लागते: २५ अंशांना अंड्यापासून माशीपर्यंत दहा दिवस, १८ला त्याच्या दुप्पट.

१ जुलै

पहिला संसर्ग. एरविनिया कॅरोटोव्होरा १५ हा जिवाणू, त्याला सगळे ईसीसी१५ म्हणतात. स्यूडोमोनास एंटोमोफिला हाही पर्याय होता, पण त्याच्या जबर संसर्गात आतड्यातलं भाषांतरच (आरएनएवरून प्रथिनं बनणं) थांबतं आणि माश्या मरतात. नवशिक्या हातांनी तिथे सुरुवात करू नये. ईसीसी१५ माशीला मारत नाही, आतडं नीट प्रतिसाद देतं.

रात्रभर ३० अंशांना वाढवलेले जिवाणू फिरवून घट्ट केले, ओडी (गढूळपणाचं माप) २००. तेवढंच ५ टक्के साखरेचं पाणी मिसळलं. माश्या दोन तास उपाशी. व्हायलमधल्या अन्नावर गाळणकागदाची चकती, तिच्यावर हे मिश्रण. कंट्रोलला फक्त ५ टक्के साखर. चार तासांनी आतडी काढली.

निकाल: पी३८सीत बदल नाही. डिप्टेरिसिनमध्येही बदल नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. डिप्टेरिसिन लावलं नसतं तर मी "पी३८सी वाढत नाही" असं लिहून मोकळी झाले असते. प्रत्यक्षात संसर्गच झाला नव्हता.

४ जुलै

जिवाणूंच्या मिश्रणात निळा खाद्यरंग टाकून बघितला. दोन तासांनी वीसपैकी सहाच माश्यांची पोटं निळी. बाकीच्या चकतीकडे फिरकल्याच नव्हत्या.

भिंगाखाली व्हायल बघत बसले तेव्हा कळलं. माझी चकती व्हायलपेक्षा दोन मिलिमीटर लहान होती. कडेनं अन्नाची एक बारीक गोल पट्टी उघडी राहत होती, आणि दोन तासांच्या उपाशी माश्या शिस्तीत त्या पट्टीवर ओळीनं बसून साधं अन्न खात होत्या. शिवाय २९ अंशांच्या कोरड्या हवेत कागद तासाभरात वाळत होता.

व्हायलचाच काठ पेन्सिलीनं आखून चकत्या कापल्या, मिश्रण १०० ऐवजी १५० मायक्रोलिटर टाकलं, इनक्युबेटरमध्ये पाण्याचं भांडं ठेवलं. वीसपैकी एकोणीस निळ्या. कंट्रोलची साखरही दुरुस्त केली: संसर्गाच्या मिश्रणात अर्धं पाणी जिवाणूंचं असतं, म्हणजे तिथे साखर २.५ टक्के पडते. मी कंट्रोलला दुप्पट देत होते.

८ जुलै

१८ अंशांचा इनक्युबेटर रात्री बंद पडला. सकाळी आत २४. त्यातल्या अळ्यांमध्ये गॅल४ किती तास चालू होता कुणास ठाऊक. सगळे संकर टाकले, ९ला नवे लावले. दोन आठवडे गेले. आता आत एक साधा कमाल-किमान तापमापक ठेवलाय. डिजिटल फलकावर विश्वास नाही.

११ जुलै

संसर्ग लागला. डिप्टेरिसिन जोरात वर. पी३८सीही वर, पण चार नमुन्यांचे आकडे असे: २.१ पट, २.४, ६.८, १.३. सरासरी काढली तर तीनच्या वर जाते आणि छान दिसते. अशा सरासरीला काही अर्थ नाही.

१५ जुलै

चार दिवस या चार आकड्यांच्या मागे. वहीत प्रत्येक नमुन्यापुढे कोण, कधी, किती वेळात, किती आतडी असं लिहिलेलं होतं म्हणून निभावलं.

६.८वाल्या नमुन्यात आरपी४९ उशिरा आलं होतं, इतरांपेक्षा दोन सायकल. म्हणजे पी३८सी वाढलेलं नव्हतं, भाजकच लहान झाला होता. तोच आरएनए पुन्हा सीडीएनए करून घेतला तर आकडा २.९ वर आला. त्या आरटीतच काहीतरी बिघडलं होतं. आता दुसरा संदर्भ म्हणून ट्युब्युलिनही लावते; दोन्ही संदर्भ एकाच दिशेला हलले तरच पुढचं बघायचं.

१.३वाला नमुना जास्त बोधक. वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, "पाच तुटली, मागचा अर्धा घेतला." मी तेव्हा पंधराचा आकडा भरायच्या नादात अर्धवट आतडीही टाकली होती. मध्यांत्र ही एकसारखी नळी नाही. २०१३ मध्ये दोन गटांनी त्याचे भाग जनुक-अभिव्यक्तीनुसार वेगळे करून दाखवलेत. पुढचा, मधला, मागचा भाग वेगवेगळी जनुकं वेगवेगळ्या पातळीवर चालवतात. अर्धं आतडं टाकलं म्हणजे अर्धाच आरएनए कमी झाला असं होत नाही, मिश्रणच बदलतं. भाग एवढे वेगळे म्हटल्यावर मी खरं तर आतड्याचा कुठला तुकडा नळीत गेला ते मोजत होते आणि त्याला पी३८सी म्हणत होते.

आणखी एक सापडलं. या खेपेला माद्या दोन वेगवेगळ्या व्हायलमधून आल्या होत्या. एकीत नर बरोबर होते, एकीत नव्हते. मीलन झालेल्या मादीचं आतडं मोठं होतं आणि त्याचा चयापचयही बदलतो, हे २०१५ पासून माहीत आहे. मला माहीत नव्हतं. आता सगळ्या माद्या तीन दिवस नरांसोबत, मग वेगळ्या.

२२ जुलै

नव्या नियमांनी पुन्हा: फक्त अख्खी आतडी, तुटलं की फेकायचं, सगळ्या मीलन झालेल्या माद्या, एका नमुन्याला वीस मिनिटं. कंट्रोल आणि संसर्गित आलटून पालटून काढली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा फरक एकाच गटाच्या माथी नको.

चार तासांनी पी३८सी: २.३, २.७, २.५, २.२. एवढं सरळ काही आलं की आधी संशय येतो, म्हणून प्लेट दुसऱ्या दिवशी परत चालवली. तेच.

हा एमआरएनए (जनुकाचा संदेश) आहे, कायनेजची क्रिया नव्हे. कायनेजचं काम फॉस्फेट बसण्यावर चालतं. संदेश अडीचपट झाला म्हणून क्रिया अडीचपट झाली असं कुणी यातून काढू नये. मी काढत होते, मॅडमनी खोडलं.

३ ऑगस्ट

९ जुलैच्या संकरातल्या माश्या आल्या. निम्म्या २९ला हलवल्या, निम्म्या १८लाच ठेवल्या कंट्रोल म्हणून. सात दिवस. रोज अन्न बदलायचं. २९ला व्हायल लवकर चिकट होतात आणि माश्या चिकटून मरतात, पहिल्या दोन दिवसांत आठ गेल्या.

१२ ऑगस्ट

आतड्यात जीएफपी झगझगीत हिरवा, म्हणजे गॅल४ व्यवस्थित चालू. क्यूपीसीआर लावला.

पी३८सी सहा पट वर.

आरएनएआय केल्यावर. खाली जायचं सोडून सहा पट वर.

१४ ऑगस्ट

नळ्यांची अदलाबदल नाही. जीएफपीचा क्यूपीसीआर करून बघितला, हिरव्या नळ्या त्याच. विना-आरटी कोरा, म्हणजे डीएनए नाही, खरोखरचा आरएनए आहे. मेल्ट कर्व्ह (वाढलेला तुकडा कुठल्या तापमानाला सुटतो त्याचा आलेख) एकच शिखर, तेही नेहमीच्याच तापमानाला, म्हणजे प्रायमर-डायमर (प्रायमरच एकमेकांना जोडून झालेला तुकडा) नाही. वाढतोय तो तुकडा पी३८सीचाच. आणि ड्रायव्हर नसलेल्या नुसत्या यूएएस माश्यांमध्ये पातळी अगदी सामान्य.

म्हणजे गॅल४ चालू झाला की पी३८सीचा क्रम असलेला एक आरएनए तयार होतोय. एवढं वहीत लिहिलं आणि लिहितानाच उत्तर दिसलं. तो आरएनए मीच तयार करतेय. या आरएनएआय माशीत लांब हेअरपिन आहे, काहीशे बेसचा पी३८सीचाच तुकडा उलट-सुलट जोडलेला. ड्रायव्हर चालू झाला की आधी हेअरपिनचा आरएनए भरपूर बनतो, मग त्याचे बारीक तुकडे होतात. हेअरपिनचा क्रम आणि माझे प्रायमर एकाखाली एक ठेवले. दोन्ही प्रायमर हेअरपिनच्या पोटात. जुन्या वहीतून उतरवलेले, ३ जूनचे.

मॅडमना सांगायला गेले तर त्यांचं लक्ष दुसरीकडेच. "आणि २९ अंशांचा कंट्रोल कुठाय?" मी २९ची आरएनएआय माशी १८च्या माशीशी ताडून बघत होते. अकरा अंशांचा फरक, सात दिवस, आणि मोजतेय काय तर ताणाला उत्तर देणारं कायनेज. हेही खरंच होतं. संध्याकाळी नवे संकर लावले: एकीकडे पी३८सी आरएनएआय, दुसरीकडे माशीत ज्याचं लक्ष्यच नाही असा लुसिफरेजचा आरएनएआय. दोन्ही १८ला वाढणार, दोन्ही २९ला जाणार.

२१ ऑगस्ट

नवे प्रायमर, दोन जोड्या, दोन्ही हेअरपिनच्या बाहेर. एक त्याच्या वरच्या बाजूला, एक खालच्या. दोन कशाला, तर आरएनएआयनं संदेश मधोमध कापला जातो आणि पॉली-ए शेपटीचा तुकडा काही वेळ टिकला तर ऑलिगो-डीटीनं (ते याच शेपटीवर बसून प्रत सुरू करतं) केलेल्या सीडीएनएत तो उतरतो. खालची जोडी मग कमी घट दाखवते.

जुनाच सीडीएनए उणे २० मध्ये जपून ठेवला होता, नव्या माश्या लागल्या नाहीत. वरच्या जोडीनं पातळी ०.३, खालच्या जोडीनं ०.४. सहा पट वर असलेला नमुना तोच, फक्त प्रायमर वेगळे. १८-२९चा घोळ अजून यात आहेच, म्हणून हे आकडे वहीच्या बाहेर जाणार नाहीत. २२ जुलैचे नमुनेही नव्या जोडीनं चालवले. त्यात हेअरपिन नव्हता, आकडे बदलले नाहीत.

१५ सप्टेंबर

योग्य कंट्रोलसह पूर्ण खेप. लुसिफरेज आणि पी३८सी आरएनएआय, दोन्ही सात दिवस २९ला, प्रत्येकी साखर आणि ईसीसी१५, चार तास. चार गट, प्रत्येकी चार नमुने, दोनशे चाळीस आतडी. तीन दिवस लागले. जूनमधल्या वेगानं दहा लागले असते.

लुसिफरेज माश्यांत संसर्गानं पी३८सी पुन्हा दोन ते अडीच पट. आरएनएआय माश्यांत संसर्गाशिवाय पातळी एक-तृतीयांश, आणि संसर्ग दिल्यावर ती लुसिफरेजच्या साध्या पातळीच्या खालीच राहते. उरलेला एक-तृतीयांश कुठला, हा प्रश्न बैठकीत आला. मायो१ए फक्त एंटेरोसाइटमध्ये चालतो. मूळ पेशी, अंतःस्रावी पेशी आणि आतड्याभोवतीचे स्नायू, सगळे त्याच नळीत पडतात आणि त्यांना आरएनएआय लागतच नाही. शिवाय एंटेरोसाइटमध्येही घट पूर्ण नसणार. या दोन्हींची वाटणी अख्ख्या आतड्याच्या आरएनएवरून करता येत नाही.

डुओक्सही मोजलं. आतड्यात ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करणारं हे विकर, आणि पी३८सी नसलेल्या माश्यांत त्याचा संदेश कमी होतो हे २०१४च्या कामातच आहे. माझ्याकडेही आरएनएआय माश्यांत ते खाली आहे, चारपैकी तीन नमुन्यांत. चौथ्यात फरक दिसत नाही. वहीत त्याच्यापुढे तुटलेलं आतडं नाही, उशीर नाही, संदर्भ जनुकं सरळ. त्याला गाळायला माझ्याकडे कारण नाही, म्हणून तो राहणार.

१८ सप्टेंबर

पुढच्या खेपेचे संकर १८ला लावलेत. तापमापक आत आहे. माश्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतील, तोपर्यंत चकत्या कापून ठेवते.